खालचा गोंगाट, वरचा धूर

नाना मोठ्यानं बोललेले मी कधी ऐकले नाहीत. रागावले की ते आणखी हळू बोलत, आणि फारच रागावले की बोलणं सोडून उजवा हात छातीपुढं धरत, तळवा जमिनीकडं करत आणि मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा तो हळूच खाली नेत. आवाज खाली घे, असा त्याचा अर्थ. समोरचा कितीही तापलेला असो, तो हात बघितला की त्याचा सूर आपोआप उतरायचा. लग्नाच्या बैठकीत, भावकीच्या बांधावर, एसटीतल्या जागेच्या भांडणात मी हा हात चाललेला बघितला आहे. फक्त एका ठिकाणी तो चालला नाही. ते ठिकाण काठमांडूत होतं, आमच्या दुकानाच्या बरोबर खाली. तिथं दिवस मावळला की भिंती हलायला लागायच्या.

नाना म्हणजे गलाईवाले नाना. आटपाडीच्या अलीकडं, कोरड्या माळावर त्यांचं गाव, आणि त्याला लागून माझं. आमच्या भागातल्या माणसांना गलाई म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी एवढंच सांगतो, की सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं-चांदी घ्यायचं, तेजाबात, म्हणजे जळजळीत आम्लात, आणि भट्टीत घालून शुद्ध करून परत द्यायचं, असा हा धंदा आहे. आमच्याकडं पाऊस नाही, म्हणून माणसं भट्टी घेऊन देशभर पांगली. नानांचे वडील मेंढरं घेऊन चाऱ्यामागं फिरायचे, नाना सोन्यामागं फिरत देशाच्याही पुढं गेले. मी त्यांच्याकडं कामाला गेलो तेव्हा दोन मुलांचा बाप होतो आणि शेतीनं पुरता कंटाळलेला होतो. कराडला रेल्वेत बसलो, गाड्या बदलत गोरखपूरला उतरलो, तिथून सीमेवर आणि मग घाटातून बसनं वर. पोचलो तेव्हा नानांनी पहिला प्रश्न विचारला, "वाटंत कुणाशी भांडलास का?" मी नाही म्हणालो. "मग ऱ्हा."

गावात लोक नानांना चिडवायचे. "नेपाळ म्हणजे काय परदेस हाय व्हय, नाना? ना इमानात बसायचं, ना गोरी माणसं." नाना म्हणायचे, "जिथं आपलं गाऱ्हाणं आपल्या बोलीत घालता येत न्हाई, त्यो परदेस." त्यांना नेपाळी चांगलं यायचं. सोनारांशी भाव करायचे, भाजीवाल्याशी थट्टा करायचे. पण मनाला काही लागलं की ते गप्प व्हायचे. लागलेलं सांगायला त्यांच्याकडं माणदेशी बोलीच होती.

त्यांची दुसरी सवय झाडूची. आमच्या दुकानात केर दाराकडं काढायचा नाही, आत काढायचा. जमिनीवरच्या धुळीत सोनं असतं, हे आमच्या धंद्यात लहानथोर सगळ्यांना माहीत असतं. पायपुसणं फाटलं तरी टाकायचं नाही. गोणपाट, हात पुसायची फडकी, जुन्या चपला सगळं साठवून ठेवायचं आणि एका दिवशी जाळून, राख धुऊन त्यातला कण काढायचा. एकदा सातारचा एक पाहुणा आला, जाताना त्यानं उंबऱ्यावर चपला झटकल्या. नानांचा हात लगेच खाली गेला. "हळू, पाव्हणं. आमचं शेत झटकताय तुमी." पाहुणा हसला, पण परत आत येऊन पायपुसण्यावर चपला घासून गेला. आपल्या उंबऱ्याच्या आतलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी त्या माणसाची शिस्त होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. पुढं ते मलाच बोचणार आहे.

घर जुनं, अरुंद आणि उंच. रस्त्यावर तळमजल्याला एक चहाचं दुकान, त्यावर आमचं दुकान आणि भट्टी, आणि त्यावर राहायच्या दोन खोल्या. मागं चौक होता, चारी बाजूंनी घरं असलेला. आमचा पंखा भट्टीचा आणि तेजाबाचा धूर त्या चौकात फेकायचा. नानांची सगळी उमर या घरात गेली. काकी, म्हणजे त्यांची बायको, मात्र गावाकडं. आमच्याकडच्या गलाईवाल्यांचे संसार असेच होत आले. बायको मळ्यात, नवरा परमुलखात, आणि मुलं वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला आधी पाहुणा समजतात. नानांच्या धाकट्या मुलीनं लहानपणी त्यांना "मामा" म्हणून हाक मारली होती. ते हे हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर उठून दुसरीकडं जायचे.

धाकटीचं लग्न झालं आणि नाना काकींना घेऊन आले. बसमधून उतरताना त्यांनी काकींचं बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, टोपीवरून. एवढ्या थोर माणसाला बोचकं घेतलेलं बघून आम्ही धावलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. तिनं आजवर उचललंय. आता आमी एका जागी ऱ्हाणार." हे वाक्य ते नंतर बऱ्याच वेळा म्हणाले. सोनार आला की, भाजीवाला आला की. जणू कुणाला खरं वाटणार नाही.

त्याच सुमाराला खालचं चहाचं दुकान बंद झालं आणि तिथं बार आला.

आधी काचांना काळा कागद लागला. मग गुलाबी नळ्या. मग टेम्पोतून माणसाच्या उंचीचे स्पीकर उतरले, आणि त्यातला एक आमच्या जिन्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पहिल्या संध्याकाळी तो सुरू झाला तेव्हा मला वाटलं भूकंप आला, आणि मी खरोखर चप्पल पायात घातली. तो आवाज कानात यायचा नाही, पोटात यायचा. तांब्यातल्या पाण्यावर थरथर उठायची. काकींच्या मांडणीतली ताटं एकमेकांवर वाजायची. काकी म्हणायच्या, "भांडी बडबडाय लागली, म्हंजे दिस मावळला." गाणं कुठलं आहे हे वर कळायचंच नाही. शब्द खाली राहायचे आणि नुसता ठोका वर यायचा, कुणीतरी घर पाडायला घेतल्यासारखा.

आवाज एक वेळ सोसला असता. पण त्याच्या मागून जे यायचं त्याची शिसारी अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. सकाळी दार उघडावं तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर ओकारी. तीत न चावलेले मोमो. भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, वाळलेल्या रक्तासारख्या. कोपऱ्यात चोखून टाकलेली हाडं आणि त्यांच्यावर भांडणारी कुत्री. गल्लीच्या तोंडाशी कोनाड्यात एक दगडी गणपती होता. येता-जाता सगळी त्याला हात लावून कपाळाला लावायची. त्याच कोनाड्याच्या बाजूला उभं राहून लोक मुतायला लागले. उन्हं चढली की तो आंबट, कोंदट वास दुकानात भरायचा आणि गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून बसायचं. नाना स्वतः बादली घेऊन पायरी धुवायचे. धुताना तोंडानं काही बोलायचे नाहीत, पण खालचा ओठ असा दाबलेला असायचा की मला त्यांच्याकडं बघवत नसे. आयुष्यभर केर आत काढणारा माणूस दुसऱ्याची घाण बाहेर लोटत होता.

बारची मालकीण एक बाई होती. तिकडं दुकानाच्या मालकिणीला साहुनी म्हणतात. आम्हीही तिला साहुनीच म्हणायचो. नवरा आखातात, पोरगं शाळेत, आधीचं चहाचं दुकान तिचंच, त्यावर भागेना म्हणून तिनं हे उभं केलं होतं. राहायला ती मागच्या चौकातच, आमच्या पंख्यासमोरच्या खिडकीत. नाना दर संध्याकाळी खाली जाऊ लागले. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी. आत जाऊन एका टेबलाशी बसायचे, लिंबूपाणी मागायचे, ते प्यायचे, आणि मग साहुनीला तो हात दाखवायचे. "बाई, आवाज सानो." सानो म्हणजे लहान. ती हात जोडायची. "हुन्छ, बा." म्हणजे बरं, बाबा. आणि खरंच आवाज खाली यायचा. नाना जिना चढू लागले की तोही चढू लागायचा. ते वर पोचायच्या आत मांडणी वाजायला लागलेली असायची.

"हुन्छ म्हणती," नाना धापा टाकत सांगायचे. "आपल्याकडं 'बघू' म्हणत्यात बघ, तसलं हुन्छ हाय ते."

बारमधली पोरं त्यांची वाट बघायला लागली. ते दारात दिसले की ओरडायची, "मराठी बा आयो!" टोपीसकट त्यांचे फोटो काढायची. एकदा एक झिंगलेला गडी त्यांच्या गळ्यात पडला, त्यांच्या खांद्यावर लाळ गाळत रडला आणि त्यांच्या लिंबूपाण्याच्या पेल्यात त्यानं सिगारेट विझवली. नाना वर आले, त्या थंडीत बादलीभर गार पाण्यानं अंघोळ केली आणि शर्ट खिडकीतून बाहेर टांगला. "बाळू," मला म्हणाले, "माणसाचा वास यावा, पर असा न्हाई रं." दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली गेले.

मी म्हणालो, "नाना, कशाला जाताय? ते काय ऐकत न्हाईत."

"माझ्यासाठी जातुय व्हय? ती आत खोकती, ऐकू येत न्हाई तुला?"

काकींना खोकला लागला होता. झोप गेली होती, डोळे सारखे लाल. छातीत कळ यायची. डॉक्टर औषध द्यायचे, त्यानं गुंगी यायची आणि खोकला तसाच. नानांनी निदान केव्हाच करून टाकलं होतं. आवाजानं झोप न्हाई, झोप न्हाई म्हणून अंगात ताकद न्हाई, ताकद न्हाई म्हणून खोकला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते हे पटवून द्यायचे, आणि पटायचंही. आणि एका सकाळी काकी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "आवं, मला गावाकडं सोडून या. हितं मी टिकत न्हाई."

नाना चहा न पिता उठले. जिन्यात उभं राहून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्या बारपायी माझी बायको परत जायची. ते मी हुऊ देनार न्हाई." मग त्यांना जो ध्यास लागला, तो आवाजाचा राहिला नव्हता. उतारवयात का होईना, एका छपराखाली राहायचं होतं, आणि ते छप्पर कुणीतरी खालून ठोकत होतं.

काकींचं वेगळंच चाललं होतं. खोली गार असायची म्हणून त्या दिवसा खाली जाऊन उन्हात बसायच्या. ऊन कुठं, तर बारच्या पायरीवर. साहुनी दुपारी संध्याकाळची तयारी करत तिथंच बसलेली. काकी माणदेशीत बोलायच्या, ती नेपाळीत, आणि दोघींचं तासन् तास जमायचं. काकी तिला लसूण सोलून द्यायच्या. नाना वैतागायचे.

"जिच्या दुकानाचा आपल्याला ताप, तिचा लसूण सोलतीस?"

"लसणानं काय केलंय?" काकी म्हणायच्या.

मग दसरा आला. तिकडं दसऱ्याला सगळा सोनारबाजार बंद असतो, माणसं आपापल्या गावी जातात. आमची भट्टी थंड पडली. बार मात्र ऊतू चालला होता. सणाचे दिवस, माणसं दुपारपासून आत, आणि स्पीकर दिवसभर. आणि त्या दिवसांत काकी ढाराढूर झोपल्या. खोकला नाही, कळ नाही. एकदा त्यांनी भाकरी थापता थापता गावाकडची ओवीही म्हटली. नाना खूश झाले. "सवय झाली बघ तिला." सण संपला, बाजार उघडला, मी तेजाबाची बरणी पुढं ओढली, आणि दोन दिवसांत खोकला परत. "बघ," नाना म्हणाले, "पुन्ना सुरू झाला त्यांचा धिंगाणा." तो थांबलाच कधी होता?

मी बरणीशी होतो. तीत सोनं पडलं की विटकरी धूर उठतो, ते मी रोज बघत होतो. माझ्याही घशाला तो लागायचा. मला दिसलं होतं असं आज मी म्हणू शकतो. पण खरं बोलायचं तर मला ते बघायचं नव्हतं. बार घाणेरडा होता, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तेवढ्यावर भागत होतं.

तिकडं सुट्टी शनिवारी असते. एका शनिवारी सकाळी नानांनी मागच्या चौकात सगळ्यांना जमवलं. उन्हात चटया टाकल्या, म्हातारी माणसं भिंतीला टेकली, बायका खिडक्यांत. नानांनी नेपाळीत, हळू, रीतसर सगळं मांडलं. आवाज, ओकारी, गणपतीचा कोनाडा, आणि शेवटी काकींचं आजारपण. माणसं माना डोलवत होती. कुणीतरी म्हणालं, पोलिसांत जाऊ. मला फार बरं वाटत होतं. आपण स्वच्छ आहोत असं वाटण्यात एक मजा असते.

साहुनी उठली. ती चिडलेली नव्हती. ती काय म्हणाली ते मी मराठीत सांगतो. "बा, आवाज माझा आहे. मी नाकारत नाही. पोट त्याच्यावर आहे म्हणून मी तुम्हाला खोटं हुन्छ म्हणते, तेही खरं. पण धूर कुणाचा?"

नानांना प्रश्नच कळला नाही. "कसला धूर?"

ती आपल्या खिडकीतली झेंडूची कुंडी घेऊन आली आणि चटईवर ठेवली. झाड एका बाजूनं हिरवं होतं. दुसरी बाजू, जी आमच्या पंख्याकडं असायची, ती तपकिरी, चुरडलेली. "आमच्या चौकात कुणी पांढरं वाळत घालत नाही. माझा पोरगा या खिडकीत अभ्यासाला बसत नाही. तुम्ही वयानं मोठे, आणि इतकं हळू बोलता की तुमच्याशी भांडायला तोंड उघडत नाही." पुढचं तिनं फार हळू सांगितलं, त्यांच्याइतकंच. "आमा दिवसभर माझ्या पायरीवर बसते, तिथं एकदाही खोकत नाही. तुमच्या घरात गेली की खोकते. दसऱ्यात माझा बार अहोरात्र चालू होता. आमा झोपली होती ना, बा?"

आमा म्हणजे आई. ती काकींना आमा म्हणायची.

कुणाला तरी गप्प करायला उचललेला नानांचा हात छातीपुढंच राहिला. तो खाली गेला नाही. भिंतीला टेकलेली म्हातारी माणसं चटईकडं बघत होती, आणि त्यांच्या बघण्यावरून मला कळलं, की हे सगळ्यांना माहीत होतं. किती वर्षं माहीत होतं देव जाणे.

नाना सरळ वर आले. काकी चुलीशी होत्या. ते दारातच उभे राहिले.

"हितं वास येतुय?"

"कसला?"

"तेजाबाचा."

"येतुय की. तुमाला येत न्हाई व्हय?"

नाना तसेच वळले. खाली दुकानात गेले, मी मागोमाग. तेजाबाची बरणी उघडून त्यांनी तीवर तोंड धरलं आणि छातीभर श्वास घेतला. मी दंडाला धरून त्यांना मागं ओढलं. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते नाकाकडं बोट करून म्हणत होते, "न्हाई रं. आग हुती, वास न्हाई. कसा असतुय, सांग तरी."

"करपट," मी म्हणालो. "गंजल्यागत. घशात सुया टोचल्यागत."

ते परत वर गेले. "मग बोलली का न्हाईस?"

काकींनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "मला वाटलं तुमाला बी येतुय आन तुमी सोसताय. एवडी वर्सं आमच्यासाठी सोसलंय म्हटलं ह्यांनी. म्हणून मी बी सोसलं."

आमच्या धंद्यातल्या माणसाचीच ही चूक. आम्ही पायपुसण्यातला सोन्याचा कण बाहेर जाऊ देत नाही आणि पंखा लावून विष शेजाऱ्याच्या खिडकीत सोडतो. कण दिसतो, म्हणून तो आपला. धूर गेला की तो कुणाचाच नाही. त्या ओकारीच्या पायरीकडं नाक मुरडणारे आम्ही. माणसं निदान शुद्धीवर नसताना ओकायची. आम्ही अंघोळ करून, कपाळाला गंध लावून तेच करत होतो.

नानांनी भट्टी बंद केली. मी म्हणालो, शहराबाहेर जागा बघू. ते म्हणाले, "तिकडं बी कुणीतरी ऱ्हातंच की." धंदा मोडताना आमच्यात भट्टीच्या विटा फोडतात, साठवलेली गोणपाटं, फडकी जाळतात, त्यातही माल असतो. त्या जाळण्याच्या आदल्या दिवशी नाना चौकातल्या प्रत्येक दारात गेले. टोपी काढून हातात घेतली होती. "उद्या शेवटचा धूर हाय. कपडे वाळत घालू नका. पोरान्ला आत ठेवा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते धुराबद्दल सांगायला गेले होते. साहुनीच्या दारात जरा जास्त वेळ थांबले. तिनं पाया पडायला वाकून त्यांच्या पायाला हात लावला, तेव्हा ते मागं सरले.

तिघं गावाकडं निघालो त्या संध्याकाळी बार जोरात सुरू होता. कुणाला समजूत आली, कुणी आवाज उतरवला, असलं काही झालं नाही. पायरीवर ताजी ओकारी होती आणि काकींनी लुगडं वर धरून ती ओलांडली. बसमध्ये मी नानांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "शेवटी बाईचंच खरं ठरलं." नानांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "तिचा गोंगाट वाईटच हाय, गड्या. आपला धूर वाईट निघाला म्हणून तिचं गाणं ग्वाड हुत न्हाई. दोन्ही घाणच. फरक येवडाच, तिची मला कळत हुती."

गावाकडं ते दोघं एका जागी राहिले. मी आष्ट्याला स्वतःचं दुकान टाकलं, कारण मला दुसरं काही येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी नानांकडं जायचो. पहिल्याच वेळी त्यांनी मला अंगणात थांबवलं. "शर्ट काढ. त्या लिंबाला अडकव." मी बनियनवर उभा. ते उंबऱ्यातून आत बघून विचारायचे, "येतुय का गं वास?" काकी लांबून मान हलवायच्या, हो किंवा नाही, आणि मग मला आत प्रवेश. स्वतः मळ्यातून आले, बाजारातून आले, तरी तेच. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं, येतुय का गं वास? स्वतःच्या नाकावरचा त्यांचा विश्वास कायमचा गेला होता. जत्रेत डीजेची गाडी आली की ते अजून तो हात छातीपुढं धरायचे, पण आधी जरा थबकून काहीतरी आठवल्यासारखे करायचे.

आष्ट्यात माझ्या दुकानाच्या वळणावर एक परमिट रूम आहे. तिथला धिंगाणा, तिथली घाण, सगळं तसंच. मला किळस येते आणि मी तक्रार करत नाही. मी धुराडं उंच घेतलं आहे, धूर पाण्यातून सोडतो, आणि रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी शेजारच्या वहिनींना विचारतो, "वास येतो का, वहिनी?" त्या म्हणतात, "न्हाई ओ भाऊजी, काय न्हाई." आणि खिडकी लावून घेतात. त्यांनी खिडकी लावली की मी थोडा वेळ तसाच उभा राहतो. मग आत जाऊन पेटवतो. हे मी नानांना कधी सांगितलं नाही.

नाना गेल्या थंडीत गेले. झोपेतच गेले. माती सावडून झाल्यावर पुन्हा कामाला लागलो, आणि मग एका दुपारी दुकानातून तसाच उठून काकींना भेटायला गेलो. अंगणात सवयीनं थांबलो, शर्टाची बटणं काढली, लिंबाकडं वळलो.

काकी दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे अंगात. ये आत."

"वास येतोय, काकी. सरळ भट्टीवरनं आलोय."

"म्हणूनच म्हणती, ऱ्हाऊ दे. ह्यांच्यागत येतुय."

मी आत जाऊन त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी माझ्या बाहीचं टोक दोन बोटांत धरलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग त्यांना खोकला आला. त्या खोकत राहिल्या, पण बाही सोडीनात, आणि मला ती सोडवून घेता येईना.